अमेरिकेतील शहरे आणि उपनगरे यांची वांशिक रचना बदलते आहे, हे जनगणनेच्या आकड्यांत कसे दिसते?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील मोठ्या शहरांत श्वेतवर्णीय परत येऊ लागल्यामुळे कृष्णवर्णीय उपनगरांकडे ढकलले जात आहेत, असे जे वारंवार वाचायला मिळते त्याला जनगणनेचा आधार आहे का. आधार आहे, परंतु अर्धवट. मी मेरीलँड राज्यात राहत असल्याने वॉशिंग्टन (डी.सी.) आणि त्याला लागून असलेली मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटी (काउंटी म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) यांचेच उदाहरण घेतो. तसे घेण्याचे दुसरे कारण म्हणजे वॉशिंग्टनची हद्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बदललेली नाही. ह्यूस्टनसारखी शहरे आजूबाजूची वस्ती हद्दीत ओढत वाढली, त्यामुळे तिथे दोन जनगणनांची तुलना करताना आपण एकाच जागेबद्दल बोलत आहोत की नाही, हेच आधी तपासावे लागते.

1950 साली वॉशिंग्टनची लोकसंख्या सुमारे 8 लाख होती आणि तीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण 35 टक्के होते. 1970 मध्ये ते 71 टक्क्यांवर गेले, 2010 मध्ये 50.7 वर आले आणि 2020 मध्ये 41.4 वर. एवढेच वाचले तर 'आधी आले, मग हुसकले गेले' अशी सरळ गोष्ट तयार होते. टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्यक्ष संख्या पाहिली की तीच गोष्ट निराळी दिसू लागते.

1970 मध्ये शहरात सुमारे 5 लाख 38 हजार कृष्णवर्णीय होते, 2000 मध्ये 3 लाख 43 हजार आणि 2020 मध्ये 2 लाख 86 हजार. म्हणजे पन्नास वर्षांत जी अडीच लाखांची घट झाली, तिच्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक 2000 पूर्वीच होऊन गेली होती; आणि त्या तीस वर्षांत श्वेतवर्णीयांची संख्याही एकूण घटलीच होती. त्यांची संख्या लक्षणीय वाढली ती त्यानंतर, 2000 ते 2010 या दशकात, सुमारे 55 हजारांनी. तेव्हा पहिल्या आणि मोठ्या स्थलांतराचे खापर परत येणाऱ्यांवर फोडता येत नाही. 1968 च्या कायद्याने वंश पाहून घर नाकारणे बेकायदेशीर ठरले, त्याच वर्षीच्या दंगलींत शहराचे काही व्यापारी रस्ते जळाले, आणि ज्यांना परवडत होते अशा कृष्णवर्णीय कुटुंबांनी घर, अंगण व शाळा पाहून मेरीलँडची वाट धरली. शॉ किंवा कोलंबिया हाइट्ससारख्या वस्त्यांत नंतर वाढलेल्या भाड्यांनी लोक बाहेर पडले, हे मला अमान्य नाही. पण तो या कथेचा उत्तरार्ध आहे.

काउंटीचे आकडे याला जुळतात. प्रिन्स जॉर्जेसमध्ये 1970 साली कृष्णवर्णीय 14 टक्के होते, 1990 मध्ये निम्म्याहून किंचित अधिक झाले आणि 2010 मध्ये 64.5 टक्के. दरम्यान 1973 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शाळांत दोन्ही वंशांची मुले एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दूरच्या शाळांत पाठवणे सुरू झाले आणि अनेक श्वेतवर्णीय कुटुंबे आणखी बाहेरच्या काउंट्यांत गेली. 2020 मध्ये मात्र इथेही कृष्णवर्णीयांचे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास खाली आले, कारण हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) रहिवासी पाचांत एक एवढे झाले. दक्षिणेकडील चार्ल्स काउंटीत कृष्णवर्णीय 2010 सालीच 41 टक्के होते.

टक्केवारी किती चकवते, याचे एक छोटे गणित पाहू. 2010 ते 2020 मध्ये वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय सुमारे 19 हजारांनी घटले, पण प्रमाण 9 अंकांनी उतरले. शहराची एकूण लोकसंख्या 2010 एवढीच राहिली असती तर तेवढ्याच घटीने प्रमाण साडेसत्तेचाळीसच्या आसपास थांबले असते. उरलेली घसरण शहर 88 हजारांनी वाढल्यामुळे झाली. तिच्यासाठी कोणालाही घर सोडावे लागलेले नाही.

त्या 19 हजारांतही सगळे गेलेच असतील असे नाही. 2000 पासून एकाहून अधिक वंश नोंदवता येतात. 2020 च्या प्रपत्रात 'श्वेत' आणि 'कृष्ण' या चौकटींखाली मूळ लिहिण्यासाठी ओळ दिली गेली आणि तिथे लिहिलेला मजकूर अधिक बारकाईने वर्गीकृत झाला. परिणामी देशभरात बहुवंशीय म्हणून मोजलेले लोक 90 लाखांवरून 3 कोटी 38 लाखांवर गेले. दहा वर्षांत एवढी माणसे जन्मत नाहीत आणि स्थलांतरितही होत नाहीत. त्यांतील बरीचशी फक्त एका रकान्यातून दुसऱ्यात गेली. आपल्या लोकांना हे नवे वाटू नये. 1920 ते 1940 च्या जनगणनांत भारतीयांचा वंश चक्क 'हिंदू' असा नोंदवला जाई (मग तो शीख असो वा मुसलमान), 1970 मध्ये ते श्वेतवर्णीयांत मोजले गेले आणि 1980 मध्ये 'एशियन इंडियन' झाले. न्यू जर्सीतील उपनगरांत त्या दशकात दिसणारी आशियाई लोकांची वाढ म्हणूनच अंशतः खरी आणि अंशतः रकान्याची आहे.

शिवाय मोजणीतच तूट असते. 2020 च्या फेरतपासणी सर्वेक्षणात कृष्णवर्णीय 3.3 टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक जवळजवळ 5 टक्क्यांनी कमी मोजले गेल्याचे, तर हिस्पॅनिकेतर श्वेतवर्णीय 1.6 टक्क्यांनी अधिक मोजले गेल्याचे आढळले. हे आकडे देशपातळीवरचे असल्याने एखाद्या वस्तीला ते जसेच्या तसे लावू नयेत.

आपल्याला स्वतः पडताळून पाहायचे असेल तर जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर 2020 चा 'पी-2' तक्ता उघडावा. त्यात हिस्पॅनिक आणि हिस्पॅनिकेतर वंश वेगळे मिळतात. 'सेन्सस ट्रॅक्ट' म्हणजे साधारण 4,000 वस्तीचा भाग, त्या पातळीपर्यंत जावे. त्याहून लहान 'ब्लॉक'चे आकडे गोपनीयतेसाठी मुद्दाम थोडे ढवळलेले असतात. मात्र कोण कुठून कुठे गेले, हे या तक्त्यातून कळत नाही, कारण त्यात फक्त शिल्लक दिसते. त्यासाठी 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' या जनगणना विभागाच्याच नमुना सर्वेक्षणातील 'एक वर्षापूर्वी कुठे राहत होता' या प्रश्नावर आधारलेले, एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत झालेल्या स्थलांतराचे तक्ते पाहावे लागतात.