पोरगा कट्टर होतोय का?

मी समुपदेशक. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडचे मुस्लिम आईवडील हा प्रश्न मला सारखा विचारतात. "मॅडम, पोरगा नमाज पढते, चांगलंच हाय. पण आता कोनाचंच आयकत नाही."

त्यातलाच हा एक, बी.एस्सी.चा. पोलीस भरतीत थोडक्यात राहिला आणि मोबाईलवरच्या तकरिरींत, म्हणजे धार्मिक भाषणांत, बुडाला. नानीनं दर्ग्यावर जायचं नाही, बहिणीच्या हिंदू मैत्रिणींनी घरी यायचं नाही. वडिलांनी मोबाईल हिसकावला, तेव्हापासून बोलणंच बंद.

माझ्याकडेही एकच पालुपद : "बरोबर एकच असतं. बाकी सगळे गुमराह." मी वाद घातला नाही, हॉस्टेलच्या गप्पा काढल्या. रूममेट रत्नागिरीचा निघाला.

"तो तुझ्यासारखीच नमाज पढतो?"

"नाही. रुकूसाठी वाकताना हात उचलतो. ते शाफई शाखेचे, आम्ही हनफी."

"मग चुकतं कोण?"

"कोणीच नाही. दोन्ही बरोबर."

बोलून गेला आणि गप्प झाला. पेनाचं टोपण काढत-लावत बसला. मग हसला, "फसवलं तुम्ही, मॅडम."

फसवलं कसलं! शेकडो वर्षं त्याच्याच परंपरेत मुरलेली गोष्ट त्याच्याच तोंडून आली. मी सांगितली असती तर वाया गेली असती. प्रश्न नेमका कुठे ठेवायचा, एवढं मात्र माझं.

धर्मनिष्ठा वेगळी आणि अधांतरी राहणं न सोसणं वेगळं. पूर्वग्रह पक्के असलेल्या मुलांना धूसर, दुहेरी गोष्टी झेपत नाहीत, हे मानसशास्त्रज्ञ एल्से फ्रेंकेल-ब्रुन्सविक यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांबद्दल मांडलं. इस्लामचा तिथे संबंधही नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या हिंदू घरांतल्या कडव्या पोरांतही हीच गाठ सापडते. या मुलाला भरतीच्या निकालानं अधांतरी सोडलं होतं. तकरिरींनी तयार उत्तर दिलं.

आजही तो दर्ग्यात जात नाही. नानीला मोटारसायकलवर नेऊन सोडतो. मला तेवढं पुरतं.

म्हणून पालकहो, दाढी-टोपी मोजू नका. मोबाईल हिसकावू नका, सोबत बसून ऐका आणि विचारा, "यावर दुसरा आलिम (धर्मपंडित) काय म्हणतो?" जुने मित्र, खेळ, कॉलेजची टीम सुटू देऊ नका. हिंसेचं कौतुक, लपूनछपून अनोळखी संपर्क, घरच्यांचा तिरस्कार दिसला तर मात्र थांबू नका. जवळ समुपदेशक नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.