‘क्यूएकडून ओके आहे ना?’ याला हो म्हणून बसल्यावर

आयटीत काम करणाऱ्या मुलामुलींकडून एक काळजी मी सारखी ऐकते. काम पुरतं तपासून झालेलं नसतं, तारीख डोक्यावर आलेली असते, वरून विचारणा होते आणि आपण हो म्हणून मोकळे होतो. मग झोप उडते. ‘उद्या काही झालं तर नाव माझंच येणार.’ अशाच एका मुलीचा अनुभव तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत टेस्टिंग टीमची, म्हणजे चुका शोधणाऱ्या ‘क्यूए’ची लीड. नवऱ्याच्या आग्रहावरून माझ्याकडे आली, कारण पहाटे तीनला उठून ती फोनवर बगची, म्हणजे गेममधल्या चुकांची, यादी उघडून बसायची. जेवण निम्म्यावर आलं होतं.

कन्सोलवर, म्हणजे खास गेमसाठीच्या यंत्रावर खेळायच्या गेमची एक बिल्ड (तयार आवृत्ती) ‘गोल्ड’, म्हणजे छापण्यासाठी अंतिम, ठरते आणि तीच डिस्कच्या कारखान्यात जाते. डिस्क छापणं, डब्यात भरणं, दुकानांपर्यंत पोचवणं यात काही आठवडे जातात, म्हणून टेस्टरची खरी डेडलाइन गेम बाजारात येण्याच्या बरीच आधी असते. कारखान्याची वेळ घेतलेली, जाहिराती ठरलेल्या. मग कात्री लागते ती तपासणीला. उरलेलं पहिल्या दिवशीच्या पॅचमध्ये, म्हणजे नेटवरून पाठवायच्या दुरुस्तीत बघू, असं सगळे धरून चालतात. पण डिस्कवर छापलं ते छापलं. ज्याच्याकडे धड नेट नाही, तो तीच प्रत खेळतो.

तिच्या टीमला एक वाईट बग सापडला होता. गेम आपोआप सेव्ह होत असतानाच कन्सोल स्लीप मोडला गेला, तर कधी कधी सेव्ह फाइलच बिघडायची. खेळणाऱ्याची कित्येक तासांची मेहनत पाण्यात. दरवेळी घडत नव्हतं, त्यामुळे कारण हाती लागेना. शेवटची फेरीही अर्धीच झाली होती. अशात कॉलवर प्रोड्युसरने विचारलं, ‘क्यूएकडून ओके आहे ना?’ आणि ती म्हणाली, ‘हो, ओके.’

“मी खोटं बोलले, मॅडम,” एवढं एकच वाक्य ती फिरून फिरून म्हणायची.

मला तो प्रश्नच अन्यायाचा वाटतो. सगळ्यांसमोर विचारलेला, उत्तर आधीच ठरलेला. पण एवढं सांगून तिचं मन हलकं होणार नव्हतं. मी तिला विचारलं, डिस्क छापायला पाठवायचा अधिकार तुझा होता का? नव्हता. मग तुझं काम काय होतं? “गेमची अवस्था सांगणं.” ती तू पूर्ण सांगितलीस का? इथे ती रडली. बिल्ड पाठवण्याचा सगळा गुन्हा ती स्वतःच्या माथी घेऊन फिरत होती. त्यातला तिचा वाटा छोटा होता आणि मुख्य म्हणजे अजून दुरुस्त करता येण्यासारखा होता.

तिने स्वतःच २०२० च्या ‘सायबरपंक २०७७’चं उदाहरण काढलं. गेम गोल्ड झाल्याचं जाहीर झालं, तरी तारीख पुन्हा पुढे गेली. डिसेंबरमध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका कोलमडत होता की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परत घेतला थेट जून २०२१ मध्ये. “तेव्हा लोक म्हणत होते, टेस्टर काय झोपले होते का?” ती म्हणाली.

त्याच प्रकरणाचा पुढचा भाग मी तिच्यासमोर ठेवला. जानेवारी २०२१ मध्ये तो गेम बनवणाऱ्या पोलंडच्या कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इव्हिन्स्की यांनी व्हिडिओ काढून सांगितलं की गेम आणण्याचा निर्णय आपला आणि संचालक मंडळाचा होता, टीमला दोष देऊ नका. मात्र त्याच व्हिडिओत ते असंही म्हणाले की लोकांना आलेल्या अडचणींपैकी बऱ्याच तपासणीत दिसल्याच नव्हत्या. तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी नाव न सांगता पत्रकारांना उलट सांगितलं, की बरंच काही आधीच दिसलं होतं. ती बराच वेळ यावर बोलत राहिली. ‘दिसलं होतं’ हे लेखी असायला हवं, हे तिचं तिलाच उमगलं.

मग आम्ही ईमेलचा मसुदा केला. पहिल्या खर्ड्यात ‘सॉरी’, ‘कदाचित’, ‘माझं चुकत असेल तर’ यांचीच गर्दी. ते एकेक करून काढायला लावलं आणि उरलेलं तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. शेवटी एवढंच राहिलं: ‘कॉलवर मी ओके म्हटलं, ते अपुरं होतं. इतकी तपासणी झाली आहे, इतकी राहिली आहे. सेव्ह फाइल बिघडताना आम्ही पाहिली आहे, कारण अजून सापडलेलं नाही. माझ्या मते हे सुटेपर्यंत डिस्क छापू नयेत. निर्णय तुमचा.’

‘निर्णय तुमचा’ म्हणताना तिचा आवाज कापत होता. नोकरीची भीती खरी होती, घराचे हप्ते होते. घाबरू नकोस असं मी म्हटलं नाही. उत्तर वाईट आलं तर घरचं कसं निभवायचं, हे नवऱ्याला सोबत घेऊन आधीच बोलून घेतलं. मग तिने ईमेल पाठवला.

डिस्क ठरल्या दिवशीच छापायला गेल्या. तिची नोकरी राहिली, आणि त्या बगवर दोन डेव्हलपर बसवले गेले. दुरुस्ती पहिल्या दिवशीच्या पॅचमध्ये आली. पॅच न मिळालेल्या काही जणांच्या फाइली गेल्याच. त्यांच्या तक्रारी वाचून तिला आजही वाईट वाटतं, आणि ते वाटायला हवं असं मी तिला सांगितलं. पहाटेची जाग मात्र हळूहळू कमी झाली.

तुमचीही झोप बरेच दिवस उडाली असेल, छातीत धडधडत असेल, जगणं नको वाटत असेल, तर ईमेलच्या मसुद्याची वाट बघू नका. डॉक्टरांकडे जा किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच तिने मॅनेजरकडे एक मागणी केली. मंजुरीच्या फॉर्मवर ‘क्यूए ओके: हो/नाही’ असा रकाना होता. त्याऐवजी ‘काय तपासलं’ आणि ‘काय राहिलं’ असे दोन रकाने हवेत, आणि खाली सही निर्णय घेणाऱ्याची. रकाने मिळाले. सहीवर अजून बोलणी चालू आहेत.