अनशापोटी तूप आणि मेलेली भूक

ताई, तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात थंडी पडल्यापासून रोज सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे तूप गरम पाण्यातून घेताय. आता तीन आठवडे झाले, तर भूक मेली आहे, जिभेवर पांढरा थर येतोय आणि दुपारपर्यंत पोट जड वाटतं. तूप पचनाला चांगलं म्हणतात, मग मलाच का बाधलं, हा तुमचा प्रश्न.

उद्यापासून ते बंद करा. तुपाचा दोष नाही, घेण्याची रीत चुकली. सकाळी भरपूर तूप पिणं हा आहार नव्हे, उपचार आहे. पंचकर्माआधी, म्हणजे आयुर्वेदातल्या शरीरशुद्धीच्या उपचारांआधी, वैद्य स्नेहपान (औषध म्हणून तूप-तेल पिणं) देतात, तेही मात्रा रोज वाढवत, कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 7 दिवस. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला 13 वा अध्याय याच विषयावर आहे. वैद्य आधी अग्नी, म्हणजे पचनशक्ती बघतात, पोटात आम, म्हणजे अर्धवट पचलेल्या अन्नाचा साठा नाही ना याची खात्री करतात, मगच तूप सुरू करतात. तुमची जीभ आणि जडपणा आमाकडेच बोट दाखवतात. अशा वेळी तूप पचत नाही, वर साचतं. शिवाय ते वात-पित्त शमवतं पण कफ वाढवतं, म्हणून थंडीत आधीच सर्दी-कफ असणाऱ्याला जास्त जाणवतं.

दोन-तीन दिवस मऊ भात आणि जिरं-सुंठ घातलेलं मुगाचं कढण घ्या. तूप अजिबात नको. तहान लागेल तसं कोमट पाणी प्या. जीभ स्वच्छ झाली आणि कडकडून भूक लागली की मग दुपारच्या गरम वरणभातावर अर्धा चमचा. पहिल्या घासात तुपातून चिमूटभर हिंग्वाष्टक, म्हणजे हिंगाचं पाचक चूर्ण घेतलंत तर आणखी बरं, ते चूर्ण घ्यायची पद्धतच ती आहे. वरून गार पाणी पिऊ नका. तुपावर गरम पाणीच.

माझं सांगते. माहेर कोकणातलं, भातावर वाढलेले. लग्न होऊन मिरजेत आले आणि दोन्ही वेळा शाळूची भाकरी, खर्डा, कोरडी भाजी सुरू झाली. महिन्याभरात पोट साफ होईना, कुंथावं लागायचं. लाजेनं कुणाला बोलले नाही, पण सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलायच्या, आत तूप सोडायच्या आणि म्हणायच्या, “आधी हा तुकडा खा.” सोबत वाटीभर पातळ आमटी आणि जेवणात पाणीही वाढवलं. आठ-दहा दिवसांत त्रास गेला. ज्वारी रूक्ष, तिला ओलावा लागतो. माण-खटाव-जतकडे शाळू खाणाऱ्या घरांत तूप, दूध किंवा आमटी भाकरीबरोबर असते, ती उगीच नाही. सासूबाईंचं ते वाढणं मला आजही कुठल्याही चूर्णापेक्षा मोठं वाटतं.

तुपाची मात्रा बेताचीच. 5 ग्रॅमच्या चहाच्या चमच्यात साधारण 45 कॅलरी असतात आणि त्यातली बहुतेक चरबी संपृक्त असते. बैठं काम असेल तर दिवसाला दोन चमचे पुष्कळ झाले. पित्ताशयात खडे, वाढलेलं कोलेस्टेरॉल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कुणी मध-तूप चाटायला सांगितलं तर दोन्ही सारख्या वजनाने कधी घेऊ नका.

शक्य असेल तर घरी कढवा. दही घुसळून काढलेलं ताजं लोणी, मंद आच. आधी चुळचुळ आवाज येतो, तो थांबला, बेरी तांबूस झाली की लगेच उतरवा. बेरी काळी पडली तर तुपाला करपट वास लागतो.

आठवडाभरात भूक परतली नाही, किंवा वजन घटायला लागलं, तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टरांना दाखवा. आणि तुम्ही रात्री किती वाजता जेवता ते कळवा, तुम्ही ते लिहिलं नाहीये आणि मला शंका तिथंच आहे.