वाचकांचे प्रश्न : चौकटीबाहेर जाणारा ठोका

प्रश्न : मी सोलापुरात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गड्ड्याच्या यात्रेत मोबाइलवर हलगीचा एक ठोका रेकॉर्ड करून मी प्युअर डेटा या, पडद्यावर ठोकळे तारांनी जोडून ध्वनी तयार करण्याच्या प्रोग्रॅममध्ये १६ मात्रांचे आवर्तन तयार केले. त्यासाठी १६ घरांचा एक अ‍ॅरे, म्हणजे आकडे ठेवण्याची रांग, घेतला असून, प्रत्येक घरातील आकडा म्हणजे त्या मात्रेवरील ठोक्याचा जोर, ० ते १ एवढा. हे आकडे मी माउसने रेघ ओढून बदलतो. अ‍ॅरेच्या प्रॉपर्टीजमध्ये वरची मर्यादा १ आणि खालची ० दिलेली आहे. तरीही माउस चौकटीबाहेर गेला की आकडाही बाहेर जातो. एकदा त्यामुळे स्पीकरचा आवाज फाटला. दुसऱ्या वेळी ठोका बंद व्हावा म्हणून रेघ तळाच्याही खाली ओढली, तर तो बंद होण्याऐवजी पुन्हा वाजू लागला. अ‍ॅरेला मर्यादा कशी घालावी?

उत्तर : आपण प्रॉपर्टीजमध्ये भरलेले ० आणि १ हे आकडे अ‍ॅरेसाठी नसून चित्रासाठी आहेत. पडद्यावरच्या चौकटीचा वरचा काठ कोणत्या आकड्यावर आणि खालचा कोणत्या आकड्यावर धरायचा, एवढेच त्यांतून ठरते. ती खिडकी आहे, कुंपण नव्हे. अ‍ॅरेच्या घरात ३.४ बसले काय किंवा उणे २ बसले काय, प्युअर डेटाची त्याला हरकत नसते. घराच्या क्रमांकाबाबत मात्र हा प्रोग्रॅम दक्ष असतो : १६ घरांच्या अ‍ॅरेमधून टॅबरीडकडे, म्हणजे अ‍ॅरेतील आकडा वाचणाऱ्या ऑब्जेक्टकडे (ठोकळ्याकडे), २० क्रमांकाचे घर मागितले, तर तो शेवटचे, म्हणजे १५ क्रमांकाचे घर वाचतो, कारण मोजणी ० पासून सुरू होते. क्रमांकाला मिळणारी ही शिस्त आतल्या आकड्याला आपोआप मिळत नाही. आपल्या सोलापुरात चादरीच्या जेकार्ड मागावर नक्षीच्या पुठ्ठ्याला भोक असते किंवा नसते, तिसरी शक्यताच उरत नाही. इथे ती मर्यादा आपणच बांधावी लागते.

बंद केलेला ठोका का वाजला, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आपला आकडा ध्वनीच्या प्रत्येक नमुन्याला, म्हणजे क्षणाक्षणाला मोजलेल्या लहरीच्या उंचीला, गुणतो. ०.८ ने गुणले काय आणि उणे ०.८ ने गुणले काय, लहरीची उंची सारखीच राहते. फक्त लहर उलटी होते, आणि एकटा ठोका ऐकताना कानाला हा फरक सहसा कळत नाही. शांतता केवळ ० वर आहे. तळाच्या खाली जितके जाल तितका आवाज पुन्हा वाढत जाईल. वरच्या बाजूचा घोटाळा सरळ आहे : ध्वनी बाहेर पाठवणाऱ्या ऑब्जेक्टकडे उणे १ ते १ यांच्या पलीकडचे नमुने गेले की लहरीचे माथे छाटले जातात, आणि तेच आपल्याला फाटल्यासारखे ऐकू येते.

माझा सल्ला असा की मर्यादा रेघ ओढण्याच्या जागी न घालता वाचण्याच्या जागी घालावी. टॅबरीडच्या आउटलेटखाली, म्हणजे आकडा बाहेर पडण्याच्या टोकाखाली, क्लिप हा ऑब्जेक्ट ठेवा, त्यापुढे ० आणि १ लिहा, आणि त्याचा आकडा गुणाकाराकडे न्या. आता माउस कुठेही गेला तरी ३.४ चे १ होईल, उणे २ चे ० होईल, आणि ०.६ मात्र ०.६ च राहील. अ‍ॅरेमध्ये आकडा कोणत्या वाटेने आला, हे पाहण्याची गरजच उरत नाही, म्हणून हाच उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

चित्रातील रेघाही चौकटीत याव्यात असे वाटत असेल, तर अ‍ॅरे वाचून, छाटून, पुन्हा त्याच घरात लिहावा लागतो. घरांच्या मोजणीचा ० ते १५ असा वाढणारा आकडा ट्रिगर या, एकच आकडा क्रमाने अनेक वाटांना देणाऱ्या ऑब्जेक्टमधून दोन वाटांनी न्या. ट्रिगरची उजवी वाट आधी चालते, म्हणून ती टॅबराइटच्या (अ‍ॅरेमध्ये आकडा लिहिणाऱ्या ऑब्जेक्टच्या) उजव्या, म्हणजे घराच्या क्रमांकाच्या इनलेटला (आकडा आत घेणाऱ्या टोकाला) जोडा; डावी वाट टॅबरीड, मग क्लिप, मग टॅबराइटचे डावे इनलेट अशी असू द्या. मोजणी ० वर आणून अनटिलला, म्हणजे फेऱ्या चालवणाऱ्या ऑब्जेक्टला, १६ हा आकडा पाठवला की तो १६ वेळा बँग (काम सुरू करण्याचा इशारा) देऊन थांबतो. त्याला नुसता बँग पाठवू नका; थांबवण्याची सोय नसेल तर तो थांबत नाही आणि प्रोग्रॅम गोठतो, म्हणून आधी पॅच, म्हणजे ही सगळी जोडणी, सेव्ह करावा. हे काम आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेवर करून घेतले, तर चित्र दर फेरीला आपोआप सुधारत राहील.

नॉर्मलाइज नावाचा मेसेजही अ‍ॅरेला पाठवता येतो, पण जोराच्या अ‍ॅरेसाठी तो वापरू नये. तो छाटत नाही. चिन्ह सोडून सर्वांत मोठा आकडा शोधतो आणि सगळा अ‍ॅरे त्या प्रमाणात लहान किंवा मोठा करतो. एका घरात चुकून ४ आले, तर १ वर नॉर्मलाइज केल्यावर त्याचे १ होईल, पण शेजारच्या ०.८ चे ०.२ होईल, आणि हात चुकला एका मात्रेवर तरी उरलेल्या पंधराही दबतील. शिवाय उणे आकडे उणेच राहतील.

ज्या अ‍ॅरेमध्ये हलगीचा रेकॉर्ड केलेला ठोकाच साठवला आहे, तिथे मात्र नेमके उलटे करावे. ध्वनीची लहर शून्याच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे जाते; तिला ० ते १ ची क्लिप लावली तर खालचा अर्धा भाग नाहीसा होईल. तिला नॉर्मलाइजच द्या, कारण त्यात लहरीचा आकार जसाच्या तसा राहतो. वर सांगितलेली अनटिलची फेरीही तिथे चालवू नका. १६ घरांना ती क्षणार्धात होते. परंतु ४४,१०० नमुन्यांच्या दराने एका सेकंदाच्या ध्वनीची ४४,१०० घरे होतात, प्युअर डेटा सामान्यतः ६४ नमुन्यांचा एक गट, म्हणजे साधारण दीड मिलिसेकंदाचा ध्वनी, एका वेळी तयार करतो, आणि एवढी लांब फेरी मध्येच आली तर वाजता आवाज तुटू शकतो.