मशीनवर शून्य, रस्त्यावर थरथर

प्रश्न : माझी २०१९ची पेट्रोल स्विफ्ट आहे. मूळचे १८५/६५ आर १५ टायर काढून १६ इंची अलॉय (रुंदी ७ इंच, ऑफसेट ३८) आणि १९५/५५ आर १६ टायर टाकले. त्याच दिवशी गाडी ४० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या. तेव्हापासून ८० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं, ९० ला सगळ्यात जास्त, शंभरच्या आसपास निवळतं. दोनदा बॅलन्सिंग, तीनदा अलाइनमेंट झालं. बॅलन्सिंगचं मशीन असमतोल शून्य दाखवतं. गॅरेजवाले म्हणतात, ‘मोठ्या चाकांना एवढं चालायचंच.’ – एक वाचक, चिंचवड

उत्तर : चालायचं नाही. टायरचं माप तुम्ही बरोबर निवडलंय. जुन्या टायरचा व्यास ६२१.५ मिमी, नव्याचा ६२०.९. म्हणजे चाक बाहेरून जवळपास तेवढंच आहे, त्याला दोष देता येत नाही. घोळ एवढाच झालाय की दोन बदल एकाच दिवशी झाले आणि आता कुठल्याचं काय ते कळेना.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी जुनी पंधरा इंची चाकं परत चढवा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी चालवून बघा. थरथर गेली तर दोष चाकांत, राहिली तर सस्पेन्शनमध्ये किंवा एक्सलमध्ये (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्यात). जुनी चाकं विकून टाकली असतील तर नवीच पुढची मागे आणि मागची पुढे करा. स्टिअरिंगची थरथर सीटखाली किंवा फरशीत गेली, तर ती चाकाबरोबर गेली असं समजा.

तुम्ही सांगितलेली लक्षणं आमच्या मते चाकाकडेच बोट दाखवतात. तुमचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातं, म्हणजे ९० च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ १३ फेरे. पुढच्या सस्पेन्शनची आणि स्टिअरिंगची स्वतःची कंप पावण्याची गती बहुतेक छोट्या गाड्यांत सेकंदाला १० ते १५ च्या घरात असते. दोन्ही जुळल्या की लहानसा असमतोलही हातात येतो. वेग वाढून ताल तुटला की निवळतं. असमतोल मात्र तिथेच असतो.

मग मशीन शून्य का दाखवतं? मशीनवर चाक मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा कोन घालून बसवतात. तुमच्या स्विफ्टच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) मधला ओठ ५४.१ मिमीचा आहे. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुधा ६७.१ किंवा ७३.१ मिमी असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. मशीनवर चाक भोकाच्या मध्यावर फिरलं, गाडीवर मात्र ते चार नटांच्या भरवशावर लटकलं. चाक नि टायर मिळून १७ किलो धरा. ते फक्त ०.३ मिमी बाजूला सरकलं, तरी रिमच्या कडेला २५ ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखं होतं. ९० च्या वेगाला त्याचा हिसका सव्वातीन किलोच्या आसपास, आणि तो सेकंदाला तेरा वेळा. मशीनने खोटं सांगितलेलं नाही, त्याने दुसऱ्याच अक्षावर मोजलं.

उपाय आहे हब रिंग, म्हणजे ओठ आणि भोक यांच्यातली फट भरणारी कडी. चाक काढून हबचा ओठ आणि रिमचं भोक दोन्ही व्हर्निअरने मोजा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. भोक ७३.१ निघालं तर बाहेरून ७३.१, आतून ५४.१ अशा चार रिंगा लागतील. प्लास्टिकच्या चालतात, पण ब्रेकच्या उष्णतेने जुन्या होऊन तडकतात. आम्ही अॅल्युमिनिअमच्या घेऊ. फक्त त्या पावसाळ्यात हबला घट्ट धरतात, म्हणून ओठावर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना धरू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवा. स्टडला (नट ज्यावर फिरतो त्या आट्याच्या दांड्याला) किंवा नटाला तो लावायचा नाही.

रिंग बसवण्याआधी हबचा चपटा चेहरा वायर ब्रशने चकचकीत करा. तिथे चिकटलेला गंजाचा एक पापुद्रा किंवा अलॉयच्या मागच्या बाजूचा रंगाचा थेंब चाक वाकडं बसवायला पुरेसा असतो. मग चाक लटकतं असतानाच नट हाताने फिरवा, समोरासमोरच्या क्रमाने अर्धे आवळा, टायर जमिनीला जेमतेम टेकेल इतकी गाडी उतरवा आणि टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत न्या. इम्पॅक्ट गनने ‘घर्रर’ करून पहिलाच नट आवळला की चाक त्याच बाजूला बसतं. शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा. अलॉयच्या नटांच्या जागेचा उतार आणि तुमच्या नटांचा उतार एकच आहे ना, तेही बघून घ्या.

आता पुन्हा बॅलन्सिंग. ऑपरेटरला एकच विनंती करा : शून्य आल्यावर चाक सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवा, परत आवळा आणि परत मोजा. दहा ग्रॅमच्या वर फरक आला तर कोन नीट बसलेला नाही, आधीचं शून्य वाया. त्याच वेळी रिमच्या आतल्या कडेकडे बघत राहा. जुन्या टायरची बाजू १२० मिमी उंच होती, नव्याची १०७; खड्ड्याचा मार रिमला लवकर लागतो आणि वाक बहुतेक आतल्या बाजूला येतो, जिथे उभं राहून दिसत नाही.

अलाइनमेंट तिसऱ्यांदा करून काही हाती लागलं नाही, याचं आश्चर्य नाही. टो (चाकं किंचित आत किंवा बाहेर वळलेली असणं) चुकला तर गाडी ओढते, टायर एका बाजूने खातात. सरळ रस्त्यावर ठराविक वेगाला थरथर त्यातून क्वचितच येते. खाली केलेल्या गाडीला अलाइनमेंट लागतंच, पण त्याआधी एक काम असतं जे बहुतेक ठिकाणी राहून जातं. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळायचे. नाही तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

जुन्या चाकांवरही थरथर राहिली, तर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून बघा. दाबल्यावर हादरते, सोडल्यावर शांत होते? मग संशय एक्सलच्या आतल्या सांध्यावर. ४० मिमी खाली बसल्याने त्याचा कोन बदललाय. रबर बूट फाटला आहे का, ग्रीस बाहेर आलंय का, ते बघा. सांधा धड असूनही हादरत असेल तर २५ मिमीच्या स्प्रिंगा हा व्यवहारी मार्ग. जॅकवर चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं आणि खेळ आला तर टाय रॉड एंड; वर-खाली धरून आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट.

प्रश्न : नव्या स्प्रिंगा महाग पडतात. मूळच्याच एक वेटोळं कापून घेतल्या तर? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका कापू. पाच चालती वेटोळी असलेल्या स्प्रिंगमधून एक गेलं की ती २५ टक्के कडक होते, शॉकअप तेच राहतात. शिवाय कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. चाक हवेत लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते. गॅसने तापवून खाली बसवणारे त्याहून वाईट, तिथे पोलादाची लवचीकताच जाते. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली कंपनीने दिलेल्या रचनेत असे फेरफार करायला परवानगी नाही, विम्याचा दावा करताना हे आठवेल.

प्रश्न : नवे अलॉय टाकल्यावर फक्त ब्रेक मारतानाच स्टिअरिंग हलतं. एरवी सगळं ठीक. – एक वाचक, मडगाव

उत्तर : म्हणजे डिस्क. असमान आवळलेल्या नटांमुळे किंवा डिस्क आणि हबच्या मधल्या गंजामुळे ती किंचित तिरकी फिरते. आधी डिस्क काढून मागचा गंज साफ करा, नट टॉर्कने आवळा आणि डायल गेज लावून बघा, ०.१ मिमीच्या वर लचक (फिरताना डिस्कचं आत-बाहेर डुलणं) आली तर डिस्क हबवर एक स्टड पुढे सरकवून पुन्हा मोजा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नाहीच भागलं तर घासून घेण्यापूर्वी जाडी मोजा, किमान जाडी डिस्कच्या कडेवर कोरलेली असते.