टॉवरच्या नोंदी कंपनीच्या, मग वॉरंट कशाला?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत पोलिसांना कोणाचं जुनं मोबाइल लोकेशन हवं असेल तर वॉरंट लागतं का? आणि नोंदी कंपनीच्या असताना ग्राहकानं हरकत कशी घ्यायची?

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. 1979 साली स्मिथ विरुद्ध मेरीलँड खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फिरवलेला नंबर तुम्हीच कंपनीला सांगता, मग त्यात खासगी काय राहिलं? पुढे हाच न्याय टॉवरच्या नोंदींना (फोन कधी कोणत्या टॉवरशी जोडलेला होता, ज्यावरून लोकेशन कळतं) लागू झाला. 1986च्या कायद्याखाली न्यायाधीशाचा आदेश घ्यावा लागे, पण माहिती तपासाच्या कामाची आहे एवढं दाखवलं की तो मिळे. वॉरंटची कसोटी याहून बरीच कडक.

डेट्रॉइट परिसरात दरोडे पडले. (गंमत म्हणजे लुटलेल्या दुकानांत मोबाइलचीही होती.) त्यातला संशयित टिमोथी कार्पेंटर याच्या 127 दिवसांच्या नोंदी अशाच आदेशावर काढल्या. एकूण 12,898 ठिकाणं, म्हणजे दिवसाला शंभरावर! 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की इथे वॉरंट हवं होतं. नंबर आपण फिरवतो, पण फोन खिशात नुसता असला तरी टॉवरशी बोलत राहतो. ही माहिती आपण राजीखुशीनं दिली असं कसं म्हणणार? आपल्याकडे ‘टॉवर लोकेशन काढलं’ हे बातमीत इतकं सहज येतं, की हा प्रश्न कोणाला पडतही नाही.

पण निकाल फार ताणू नका. तो सात दिवस किंवा त्याहून जास्त काळाच्या नोंदींपुरता आहे. त्याहून कमी काळाचं काय, चालू लोकेशनचं काय, एका टॉवरवरच्या सगळ्या फोनची यादी मागितली तर काय, हे न्यायालयानं मुद्दामच ठरवलं नाही. अपहरणासारखी तातडी असेल तर वॉरंटवाचूनही चालतं.

आणि कार्पेंटर? त्याची शंभराहून जास्त वर्षांची शिक्षा कायम राहिली. पोलीस तेव्हाच्या कायद्याला धरून, प्रामाणिक समजुतीनं वागले, म्हणून पुरावा बाद करायचा नाही, असं 2019 मध्ये अपील न्यायालयानं ठरवलं.

2024 मध्ये मिसिसिपीतल्या एका दरोड्याच्या खटल्यात पुन्हा तेच. ‘त्या तासात त्या जागी कोणकोण होतं’ असं गूगलला विचारणारं वॉरंट पाचव्या सर्किटच्या (म्हणजे मिसिसिपी ज्या विभागात येतं, तिथल्या) केंद्रीय अपील न्यायालयानं घटनाबाह्य ठरवलं, कारण त्यासाठी कोट्यवधी निरपराध खाती चाळावी लागत होती. पुरावा मात्र ग्राह्य धरला. कारण तेच, पोलिसांची प्रामाणिक समजूत.