टो, टोइंग आणि टोचन

प्रश्न असा आहे: बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आणली की मेकॅनिक म्हणतात, ‘टोचन करून आणली’. हे टोचन ‘टोचणे’वरून आलं का? आणि ‘टो करणे’ म्हणजे ओढून नेणं की उचलून नेणं?

टोचनचा टोचण्याशी काही संबंध नाही. ते इंग्रजीतलं ‘टो चेन’ आहे, म्हणजे गाडी ओढायची साखळी. बोलता बोलता चेनमधला ‘ए’ झिजला आणि दोन शब्दांचा एक झाला. उच्चार नीट ऐकला की फरक कळतो. ‘टोचणे’तला च आपण ‘चमचा’तल्या चसारखा काढतो, टोचनमधला बहुतेकांच्या तोंडी ‘चहा’तल्यासारखा येतो. शिवाय टोचणीत ण आहे, इथे न. हिंदी आणि पंजाबी ट्रकवालेही टोचनच म्हणतात, आणि हिंदीत काटा ‘चुभतो’. मला यातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते ती पुढची: साखळीचं नाव होतं ते कामाचं नाव झालं. आता साखळीऐवजी दोर लावा, पट्टा लावा, लोखंडी दांडा लावा, टोचन ते टोचनच.

मूळ शब्द ‘टो’. ‘काउ’, ‘नाउ’ यांच्या स्पेलिंगवर जाऊन काही जण ‘टाउ’ म्हणतात, ते चूक. उच्चार ‘गो’सारखा. अर्थ ओढण्याचाच आहे, पण कुठलंही ओढणं नव्हे. दार ओढलं तर ‘पुल’, पोतं जमिनीवरून फरफटत नेलं तर ‘ड्रॅग’, बाही धरून हिसका दिला तर ‘टग’. टोमध्ये ओढणारा आणि ओढला जाणारा एकमेकांना जोडलेले असतात, ओढ सलग असते, आणि मागची वस्तू स्वतःच्या चाकांवर किंवा पाण्यावर चालत राहते. गाडीच्या बंपरवरचं छोटं झाकण काढलं की आत आटे असलेलं भोक दिसतं. त्यात जे कडं फिरवून बसवतात ते याच कामासाठी. टो आणि टग ही मुळात भावंडं. जर्मनमध्ये आगगाडीला ‘त्सूग’ म्हणतात तेही त्याच घरातलं.

मग उचलून नेण्याचं काय? अमेरिकेत चॅटनूगाच्या अर्नेस्ट होम्स यांनी 1916 च्या सुमारास मोटारीवर क्रेन बसवून टो ट्रक बनवला, तेव्हापासून उचलणं आणि ओढणं एकत्र आलं: पुढची चाकं अधांतरी, मागची रस्त्यावर. आता तर अख्खी गाडी सपाट ट्रकवर चढवतात. त्याला कारणही आहे. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चालकचाकं, म्हणजे इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं, रस्त्यावर फिरवत लांब ओढलं तर गिअरबॉक्स कोरडा पडून खराब होतो. अशा वेळी ओढणं उरतच नाही, तरी इंग्रजीत त्यालाही टोइंगच म्हणतात. तेव्हा मराठीत ‘गाडी टो केली’ दोन्हींना चालेल. पण दोर बांधून आणली असेल तर ‘ओढून आणली’ आणि ट्रकवर चढवली असेल तर ‘उचलून नेली’ असं लिहावं. वाचणाऱ्याला नेमकं चित्र दिसतं.

इंग्रजीत ‘मुलं इन टो’ असा प्रयोग भेटेल. तिथे दोर नाही, मुलं मागोमाग आली एवढंच. आपण ‘मुलांचं लटांबर घेऊन’ म्हणतो तसं. तागासारख्या झाडांच्या आखूड, गुंतलेल्या धाग्यांनाही ‘टो’ म्हणतात, पण तो शब्द वेगळा.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. शिस्तीत राहणं, वरून आलेली भूमिका मुकाट मानणं या अर्थाचा ‘टो द लाइन’ हा वाक्प्रचार इंग्रजीभाषकसुद्धा कधी कधी चुकून ओढण्याच्या टोने लिहितात. तिथला टो पायाच्या बोटाचा आहे: आखलेल्या रेषेला बोटं लावून उभं राहायचं, काही ओढायचं नाही.